ढोकीचा कावळा आणि आठ फाइल्स: फ्लूचा विषाणू लॅबमध्ये 'वाचतात' म्हणजे काय करतात?

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीत कावळे मरून पडायला लागले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच्या महिनाभर आधी शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरमध्ये, हेच झालं होतं. दोन्हीकडे आजूबाजूचा दहा किलोमीटरचा परिसर अलर्ट झोन झाला आणि लोकांच्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागले. एकात चिकन-अंडी कायमची बंद करा असं, तर दुसऱ्यात हे सगळं थोतांड आहे असं. गावाकडच्या ग्रुपवर मलाही विचारणा झाली: "कावळ्याचा रोग माणसाला लागतो का रे? तू इंजिनिअर आहेस, सांग." इंजिनिअर म्हटलं की फ्रिजपासून फ्लूपर्यंत सगळं येतं, हा आपल्याकडचा जुना समज!

मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. पण प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा लक्षात आलं, की याचं उत्तर शेवटी एका टेक्स्ट फाइलमध्ये असतं आणि टेक्स्ट फाइल हा माझा रोजचा धंदा आहे. बातमीतला 'पॉझिटिव्ह' हा शब्द म्हणजे त्या फाइलचं फक्त नाव. खरी माहिती आत असते. ती फाइल मेलेल्या कावळ्यातून कशी बाहेर काढतात, ते या लेखात बघू.

१३ केबीचा विषाणू

इन्फ्लुएन्झा, म्हणजे आपला फ्लू, याचा सगळा 'कोड' आरएनए नावाच्या रेणूवर लिहिलेला असतो. अक्षरं चारच: ए, यू, जी, सी. एकूण अक्षरं साधारण साडेतेरा हजार. ती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाइप केली तर १३-१४ केबी होतील. सकाळी येणारा 'शुभ सकाळ'चा गुलाबाचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्याशा फाइलने जग कितीदा तरी बंद पाडलंय.

ही फाइल सलग नसते. ती आठ वेगवेगळ्या तुकड्यांत असते, आणि फ्लूचा सगळा खोडसाळपणा इथेच आहे. एकाच प्राण्याच्या एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू एकदम घुसले, तर नवा विषाणू तयार होताना याचे तीन तुकडे, त्याचे पाच, अशी सरमिसळ होऊ शकते. २००९ चा स्वाइन फ्लू असाच बनला होता. डुकरांचे, पक्ष्यांचे आणि माणसांचे तुकडे त्यात एकत्र आले होते. पुण्यात तेव्हा नायडू हॉस्पिटलबाहेर लागलेल्या रांगा ज्यांनी बघितल्यात, त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरी भानगड कॉपी करण्याची. आपल्या पेशी डीएनएची कॉपी काढताना चुका तपासतात. फ्लूच्या विषाणूकडे तसं काही नाही. तो धडाधड कॉप्या काढतो आणि अक्षरं चुकत जातात. बहुतेक चुका त्यालाच मारक ठरतात, एखादी मात्र फायद्याची निघते.

एच५एन१ मधला एच आणि एन म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिनं. एच ही पेशीचं दार उघडणारी किल्ली. एन ही कात्री, नवे विषाणू पेशीतून सुटे करणारी. पक्ष्यांमध्ये एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार चांगले माहीत आहेत. आपल्याला दर हिवाळ्या-पावसाळ्यात होणारा ए प्रकारचा फ्लू सध्या एच१एन१ किंवा एच३एन२ असतो.

अंड्यापासून सुरुवात

माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला १९३३ मध्ये, लंडनला. आजारी माणसाच्या घशाचा द्रव फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घातला, फेरेट आजारी पडलं. पुढे एक आजारी फेरेट एका शास्त्रज्ञाच्या तोंडावर शिंकलं आणि त्यालाही फ्लू झाला. पुरावा म्हणून याहून भक्कम काय हवं?

त्यानंतर अनेक दशकं मुख्य साधन होतं कोंबडीचं फलित अंडं. नऊ ते अकरा दिवसांच्या अंड्यात नमुना टोचायचा, उबवायचं आणि काही दिवसांनी आतला द्रव काढायचा. तो कोंबडीच्याच लाल रक्तपेशींमध्ये मिसळला की विषाणूची एच किल्ली त्या पेशींना एकमेकींत अडकवते. विषाणू नसेल तर पेशी खळग्याच्या तळाशी लाल ठिपका करून बसतात, असेल तर जाळीसारख्या पसरतात. मायक्रोस्कोपही लागत नाही, डोळ्यांनी दिसतं. ही युक्ती १९४१ ची आणि आजही वापरात आहे. जुनं ते टाकाऊ, हा नियम लॅबमध्ये चालत नाही.

अडचण एवढीच, की यासाठी विषाणू जिवंत हवा, दिवस मोजावे लागतात आणि एच५एन१ सारखा धोकादायक विषाणू वाढवायला कडेकोट सुरक्षेची लॅब लागते. पक्ष्यांच्या बाबतीत आपल्याकडे अधिकृत शिक्का भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा. माणसांच्या बाबतीत पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. ती १९५२ पासून आहे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू कोंबड्यांमध्ये सापडला, तेव्हाही या दोन नावांकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

आरटी-पीसीआर: विचारलं तेवढंच उत्तर

कोविडमुळे हा शब्द शेंबड्या पोरालाही पाठ झाला. धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात २०२० मध्ये कोविड तपासणीची लॅब सुरू झाली, तिथलं मुख्य यंत्र हेच.

यंत्राचं काम असं: आधी आरएनएचं डीएनएमध्ये रूपांतर. मग नमुना साधारण ९५ अंशांपर्यंत तापवायचा, डीएनएच्या दोन पट्ट्या सुट्या होतात. थंड करायचा, की 'प्रायमर' नावाचे छोटे तुकडे आपल्याला हव्या त्या जागी जाऊन चिकटतात आणि तिथून नवी कॉपी तयार होते. एका फेरीत एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे १०७ कोटी होतात. कॉपी वाढली की चमक वाढते आणि यंत्र ती मोजतं. किती फेऱ्यांनंतर चमक दिसली, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. आकडा लहान, तर विषाणू जास्त. या सगळ्याला काही तास लागतात आणि विषाणू जिवंत असण्याचीही गरज नाही, म्हणजे मेलेला कावळाही चालतो.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट प्रायमर वाटते. प्रायमर म्हणजे सर्च बॉक्समध्ये टाइप केलेला शब्द. फाइलमध्ये तो शब्द असेल तर मिळेल. बाकी फाइलमध्ये काय लिहिलंय, ते पीसीआरला माहीत नसतं आणि तो सांगतही नाही. म्हणून फ्लूची तपासणी टप्प्यांत होते. पहिला सर्च सगळ्या ए प्रकारच्या फ्लूमध्ये सारख्या असणाऱ्या भागाचा. तो सापडला की पुढचे सर्च: एच१ आहे का? एच३ आहे का?

आणि पहिलं उत्तर 'हो' आलं, पण पुढची सगळी 'नाही' आली तर?

मेळघाटातलं लेकरू

हे खरंच घडलंय, आपल्याच राज्यात. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात लहान मुलांच्या श्वसनाच्या आजारांचा अभ्यास चालू होता. शोध होता आरएसव्ही या वेगळ्याच विषाणूचा. २०१९ च्या जानेवारीअखेर १७ महिन्यांचा एक मुलगा आजारी पडला. ताप, खोकला, धाप. त्याचा नमुना तपासला तर फ्लू ए निघाला, पण माणसांच्या नेहमीच्या फ्लूपैकी तो नव्हता. पुढच्या तपासणीत कळलं, की हा एच९एन२. हा मुळात कोंबड्यांचा फ्लू! भारतात माणसामध्ये तो प्रयोगशाळेत सिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ होती.

आता विचार करा. १९९० मध्ये हेच लेकरू आजारी पडलं असतं तर? सर्दी-खोकला झाला, औषध दिलं, विषय संपला. कुणाला कधीच कळलं नसतं.

एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी त्या विषाणूची पूर्ण फाइल वाचली, आठही तुकडे. तेव्हा दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, हा शुद्ध एका घराण्याचा नव्हता. काही तुकडे एच९एन२ च्या जी१ नावाच्या शाखेचे होते, तर काहींचं नातं एच७एन३ या दुसऱ्याच पक्षी-फ्लूशी लागत होतं. म्हणजे वर सांगितलेली सरमिसळ कुठल्या तरी कोंबडीत किंवा पक्ष्यात आधीच होऊन गेली होती. दुसरी गोष्ट आईबापांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची: फ्लूवरच्या औषधांना दाद न देणारे बदल त्यात नव्हते. औषध लागू पडेल की नाही, हे विषाणूला बाटलीत न वाढवताही अक्षरांवरून सांगता आलं.

बाळ वाचलं. पीसीआरच्या यंत्रासमोर बसलेल्या माणसाने 'कुठल्याच प्रकारात बसत नाही' हा निकाल बाजूला टाकून दिला नाही, याला मी जास्त मार्क देईन.

फाइल पूर्ण वाचायची कशी

याला सिक्वेन्सिंग म्हणतात. इथे फ्लूची एक गोष्ट आपल्या कामी येते. आठही तुकड्यांच्या दोन्ही टोकांना जवळजवळ तीच अक्षरं असतात, एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला १३. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक फाइलला सारखंच हेडर आणि फूटर. त्यामुळे आत काय आहे हे माहीत नसलं तरी त्या टोकांना चिकटणारे प्रायमर टाकून आठही तुकडे एकदम वाढवता येतात. सर्च बॉक्सची मर्यादा इथे संपते.

मग वाचन. एका पद्धतीत लाखो छोटे तुकडे एकाच वेळी वाचले जातात, प्रत्येक अक्षर जोडलं जाताना होणारी चमक कॅमेरा टिपतो. दुसऱ्या, म्हणजे नॅनोपोअर पद्धतीत एका पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यातून वीजप्रवाह जात असतो. रेणूचा धागा छिद्रातून सरकतो तसा प्रवाह कमी-जास्त होतो आणि त्या चढउतारावरून सॉफ्टवेअर अक्षर ओळखतं. यातलं मिनआयन नावाचं यंत्र तळहातावर मावतं आणि यूएसबीने लॅपटॉपला जोडता येतं.

हातात येतात ते लाखो फाटके कपटे. एखाद्या पुस्तकाच्या हजार प्रती फाडून सगळे कपटे एका पोत्यात भरले, तर एकमेकांवर येणारी वाक्यं जुळवत मूळ पुस्तक पुन्हा उभं करता येईल. कॉम्प्युटर तेच करतो. एकाच जागेचे शेकडो कपटे असल्यामुळे वाचनातली चूक आणि विषाणूतला खरा बदल वेगळा काढता येतो. त्यापुढचं काम माझ्यासारख्याला ओळखीचं आहे: दोन फाइल्स शेजारी ठेवायच्या आणि फरक बघायचा.

फरक कळला की नातं कळतं. एखाद्या फॉरवर्डमध्ये कुणाकडून तरी 'साखर'चं 'साकर' झालं, तर पुढच्या सगळ्यांकडे 'साकर'च जातं. त्यावरून तो मेसेज कुठल्या ग्रुपमधून फिरला हे ओळखता येईल. विषाणूंची वंशावळ अशीच काढतात. २००८ पासून गिसएड नावाच्या डेटाबेसमध्ये जगभरच्या लॅब फ्लूच्या फाइल्स टाकतात. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये एच५एन१ सापडला, तेव्हा वेगवेगळ्या राज्यांतल्या फाइल्स जुळवून दिसलं, की तो प्रसार पक्ष्यांकडून गायींकडे झालेल्या एकाच उडीतून सुरू झाला असावा. आणि ती उडी रोग लक्षात येण्याच्या काही महिने आधी, २०२३ च्या अखेरीस पडली होती. गायी आजारी होत्या, दुधात विषाणू होता, आणि कुणी बघत नव्हतं.

दरवर्षीची फ्लूची लस कशी बदलायची, तेही वर्षातून दोनदा याच फाइल्स बघून ठरतं. एक गंमत सांगतो. फ्लू बी मधली यामागाता नावाची एक शाखा मार्च २०२० नंतर जगात खात्रीशीर सापडलेलीच नाही. आपण मास्क लावून घरात बसलो आणि ती बहुधा संपली. मग लसीतून तिला काढण्याची शिफारस झाली.

कावळ्याचा माणसाला लागतो का?

आता मूळ प्रश्न. पक्ष्यांच्या आतड्यातल्या पेशींवर जी कुलपं असतात, ती आपल्या घशा-नाकातल्या पेशींवरच्या कुलपांपेक्षा थोडी वेगळी असतात. एच५एन१ ची किल्ली पक्ष्यांच्या कुलपाला बसते. आपल्या फुप्फुसात खोलवर तशी थोडी कुलपं आहेत. म्हणून आजारी पक्ष्यांच्या अगदी जवळ राहणाऱ्याला तो क्वचित होतो, आणि झाला तर जड जातो. पण तो माणसाच्या खोकल्यातून दुसऱ्या माणसाकडे सहज जात नाही, निदान हे लिहीपर्यंत तरी नाही.

शास्त्रज्ञ फाइल उघडल्यावर काही ठरावीक जागा आधी बघतात. एच किल्लीवरची २२६ क्रमांकाची जागा त्यातली एक. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या गटाने दाखवलं, की गायींमधल्या एच५एन१ च्या किल्लीत या एकाच जागी बदल केला तर ती माणसाच्या कुलपाकडे वळते. त्यांनी जिवंत विषाणू वापरला नव्हता, फक्त किल्लीचं प्रथिन बनवून तपासलं. पीबी२ नावाच्या तुकड्यातली ६२७ ही दुसरी जागा. तिथल्या बदलाने पक्ष्यांचा विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशीत जोमाने वाढायला लागतो. एन कात्रीवरची २७५ ही औषधाची जागा. २००७ ते २००९ दरम्यान नेहमीच्या एच१एन१ मध्ये हा एक बदल इतका पसरला, की ऑसेल्टामिव्हिर, म्हणजे टॅमिफ्लू, त्यावर जवळजवळ निकामी झालं होतं.

या तिन्ही ठिकाणी एकेक अक्षर बदललं तरी पुरतं. साडेतेरा हजारांत एक.

म्हणून फक्त 'पॉझिटिव्ह' कळून भागत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि भोपाळच्या तपासणीत एच५एन१ निघाला. पक्ष्यांचा विषाणू मोठ्या मांजरकुळात गेला, हे आपल्या दारात घडलंय. अशा प्रत्येक उडीत ती ठरावीक अक्षरं जागच्या जागी आहेत का, हे बघावंच लागतं.

आता थोडी लगाम. अक्षरं वाचून सगळं कळतं असं मी म्हणणार नाही. दोन बदल एकत्र आले तर काय होईल, हे बऱ्याचदा प्रत्यक्ष करूनच बघावं लागतं. १९९९ पासून विषाणूचे आठही तुकडे लॅबमध्ये स्वतंत्रपणे बनवून, एकत्र करून विषाणू उभा करण्याची सोय आहे. लसीसाठी सुरक्षित बियाणं बनवायला तिचा मोठा उपयोग झाला. याच पद्धतीने २००५ मध्ये १९१८ च्या साथीचा विषाणूही परत उभा केला गेला, अलास्कात बर्फात पुरलेल्या एका मृतदेहाच्या फुप्फुसातून वाचलेल्या अक्षरांचाही त्यासाठी आधार घेतला होता. मुद्दाम जास्त पसरणारा विषाणू बनवणाऱ्या प्रयोगांवरून २०११-१२ मध्ये मोठा वाद झाला. माझं मत त्या प्रयोगांच्या विरोधात आहे. नुसतं प्रथिन वापरून तेच कळत असेल तर जिवंत विषाणूशी खेळायचं कशाला? बरेच शास्त्रज्ञ माझ्याशी सहमत होणार नाहीत, तेही सांगून ठेवतो.

आणि यंत्र कितीही भारी असलं तरी नमुना पोहोचला नाही तर काही नाही. आरएनए उन्हात टिकत नाही. मार्च-एप्रिलमधल्या आमच्याकडच्या उन्हात शेताच्या बांधावर दोन दिवस पडलेल्या कावळ्यातून कुणी काय वाचणार? स्वॅब घ्यायचा, खास द्रावणाच्या नळीत टाकायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा आणि तो डबा लॅबपर्यंत थंडच राहिला पाहिजे. ढोकीचं कळलं, कारण कुणीतरी कावळे मेलेले बघून 'असतील काहीतरी' म्हणून पुढे गेलं नाही.

म्हणून गावाकडच्या ग्रुपवर मी हे लिहिलं होतं: मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ ला फोन करा. फोटो काढा, लांबून, आणि जागा नीट सांगा. चिकन-अंडी पूर्ण शिजवून खायला हरकत नाही, ७० अंशांपुढे हा विषाणू टिकत नाही आणि आपला रस्सा त्याहून बराच जास्त उकळतो. कच्चं मांस चिरल्यावर हात आणि सुरी साबणाने धुवा. पक्ष्यांजवळ काम करणाऱ्याला ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना 'मी कोंबड्यांच्या शेडवर असतो' हे आधी सांगा. तेवढ्या एका वाक्यावरून नमुना कुठल्या लॅबकडे जायचा ते ठरू शकतं.